अण्णांची परीक्षा घेऊ नकोस

केळशी,
फाल्गुन

चि. प्रशांत यास अनेक आशीर्वाद.

चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला येतोयस, असं वहिनी म्हणाली. अवश्य ये, पण आल्या आल्या ‘मी कोण, ओळखा बघू’ हे सुरू करू नकोस. फोनवरही तुझं तेच चालतं. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. सकाळी चहा घेतलेला अण्णांना आठवत नाही, पण आगरातल्या कोणत्या माडाला कधीकाळी किती नारळ लागायचे, ते तोंडपाठ! नाव विचारलं की ते बावचळतात आणि पुढची सगळी चिडचिड वहिनीच्या वाट्याला येते. ‘अण्णा, मी प्रशांत, ठाण्याहून आलोय’ असं सांगून मोकळा हो.

दिवेलागणीला घोळ वाढतो, या आजारात बऱ्याच जणांचं असं होतं. स्वतःच्याच ओटीवर उभे राहून ‘चला, घरी जाऊ’ म्हणतात. वहिनी वाद घालत नाही. ‘जाऊ हो, आधी एवढे वाल सोलून द्या’ म्हणत भिजलेल्या कडव्या वालांचं ताट पुढ्यात ठेवते. बिरडं सोलता सोलता घरी जायचं राहून जातं.

त्यांना ठाण्याला न्यायचा विषय काढू नकोस. तुझ्या आठव्या मजल्यावर त्यांना संडासाचं दार सापडायचं नाही. इथे पाय आपोआप वळतात. त्यापेक्षा मागच्या विहिरीवर जाळी बसवून घे, स्वतः उभं राहून. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात नाव-फोनची चिठ्ठी असू दे.

गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडा फरक पडतो, एवढंच. बी-12 आणि थायरॉईड तपासलं होतं का, ते जुन्या कागदांत बघ. त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखे वागायला लागले, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसायचं नाही. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही म्हाताऱ्या माणसाचं असं होतं. लगेच दापोली गाठायची.

अण्णा मुद्दाम करतात, असं तुमच्याकडे कुणाला वाटत असेल, तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘अस्तु’ हा सिनेमा दाखव. त्यातले संस्कृत पंडित हत्तीच्या मागोमाग निघून जातात. काम डॉ. मोहन आगाशेंचं, म्हणजे मुळातल्या मनोविकारतज्ज्ञाचंच.

आता वहिनीचं. खरं पत्र त्यासाठीच आहे. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 सालचा अंदाज. त्यांच्यामागे रात्री जागणारी माणसं वेगळीच. वहिनी दाराला खाट लावून झोपते, म्हणजे झोपत नाहीच. परवा अण्णांवर ओरडली आणि मग माझ्याकडे येऊन रडली. स्वभाव बिघडला म्हणून तिला बोलू नकोस, दमलीय ती. पैसे तू पाठवतोस, त्याबद्दल तक्रार नाही. पण पैशाने तिची एक रात्रही सुटत नाही. उत्सवात अण्णांजवळ तू थांब, तिला देवळात जाऊ दे. पुढे आठवडाभर माहेरी पाठव. त्या दिवसांत अण्णांची आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं सगळं तू कर. मग रात्रीपुरती बाई लावायची की नाही, हे मला पटवून द्यावं लागणार नाही.

येताना मिठाई नको. इलास्टिकचे चार पायजमे आण, नाडी त्यांना जमत नाही. कमरेचं माप वहिनीला विचार.

तुझी,
आत्या