चाळ उतरवून टॅपचे बूट

न्यू जर्सीत स्थायिक झाल्यावर कथकचे चाळ कपाटात गेले आणि मी मोठ्यांच्या टॅपच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे उमगलेलं थोडंसं.

१. वाजते ती जमीन. टाचेखाली नि चवड्याखाली धातूच्या पट्ट्या असतात खऱ्या, पण खाली पोकळी असलेलं लाकूड नसेल तर सगळं फुकट. काँक्रीटवर नाचाल तर आधी गुडघे बोलू लागतील.

२. पायाआधी तोंडाने म्हणा. कथकातली पढंतीची, म्हणजे बोल म्हणून दाखवण्याची सवय इथे फार कामी येते. अडतं ते जॅझच्या स्विंगपाशी. मात्रेचे समान भाग पाडायचे हे आपल्या अंगात मुरलेलं. स्विंगमध्ये पहिला भाग लांब, दुसरा आखूड. वहीत लिहून हे येत नाही. काउंट बेसीचा बँड लावायचा आणि घरभर चालत राहायचं.

३. म्हाताऱ्यांना गाठा. ब्रॉडवेच्या झगमगाटाने टॅपला जीवदान दिलं, हे मला अर्धंच पटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बिग बँड मोडले, ब्रॉडवेला बॅलेची ओढ लागली आणि हनी कोल्ससारखा टॅप नर्तक अपोलो थिएटरात व्यवस्थापकाची नोकरी करू लागला. १९७०च्या दशकात ब्रेंडा बुफालिनो, जेन गोल्डबर्ग अशा बायका कोल्ससारख्या कृष्णवर्णीय उस्तादांच्या मागे लागल्या, त्यांच्याकडून शिकल्या, त्यांना पुन्हा रंगमंचावर घेऊन आल्या. पुढे ग्रेगरी हाइन्सच्या १९८९च्या ‘टॅप’ चित्रपटात जिमी स्लाइड, बनी ब्रिग्ज, सँडमन सिम्स ही ज्येष्ठ मंडळी जुगलबंदीला उभी राहिली. त्याच चित्रपटातलं एक पोर म्हणजे आमच्या न्यूअर्कचा सेव्हियन ग्लोव्हर. १९९६ साली त्याला नृत्यदिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांकडे बघून हसणं वगैरे त्याला मंजूर नाही. तो जमिनीशीच बोलतो. मला तोच आवडतो.

४. उचला, पण हुबेहूब नको. टॅप नर्तकांच्या हार्लेममधल्या हूफर्स क्लबचा हा नियम होता. गुरुजींचा तुकडा बदलला तर आमच्याकडे ओरडा बसे. इथे बदलला नाही तर भुवया उंचावतात.

५. फ्यूजन म्हटलं की मी सहसा दार लावून घेते. ‘इंडिया जॅझ सूट्स’ या कथक-टॅपच्या कार्यक्रमाला मात्र उघडलं. कथकवाले पं. चित्रेश दास साठी ओलांडलेले, टॅपवाला जेसन सॅम्युएल्स स्मिथ पंचविशीतला. सवाल-जवाब चालले होते आणि कोणीही दुसऱ्याचं सोंग घेतलं नव्हतं.

६. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल, तर रात्रीचा रियाज मोजे घालून.