घडीचा चाकू : अस्सल, नक्कल आणि वापर



राजहंसगडाच्या किंवा आंबोलीच्या सहलीला निघालेल्या मुलांच्या पाठपिशवीत एक लाल मुठीचा घडीचा चाकू हमखास सापडतो. मुठीवर ढालीच्या आकारात पांढरा क्रॉस, आत दोन पाती, कात्री, डबा उघडायचे हत्यार, बूच काढायचा मळसूत्री स्क्रू. किंमत दीडशे-दोनशे रुपये. या किमतीला मिळणारा चाकू स्वित्झर्लंडचा नसतो, त्याची नक्कल असते. असा चाकू मुलाला घेऊन द्यावा का, असे काही पालकांनी विचारले. त्याचे उत्तर चाकू आतून कसा असतो हे कळल्याशिवाय देता येत नाही. म्हणून हा पाठ.

प्रथम अस्सल चाकूची थोडी माहिती घेऊ. १८८४ मध्ये कार्ल एल्सनर या कारागिराने स्वित्झर्लंडमधील श्विझ प्रांतात, इबाख येथे चाकूंचे छोटे दुकान काढले. त्या सुमारास स्विस सैन्याला नवी रायफल मिळाली होती आणि ती खोलायला पेचकस लागत असे. शिपायाला जेवणाचा डबाही उघडावा लागे. ही दोन्ही कामे करणारा एकच घडीचा चाकू सैन्याने ठरवला. त्यात पाते, पेचकस, डबा उघडायचे हत्यार आणि भोक पाडायची आरी एवढेच होते, मूठ लाकडाची होती. गंमत अशी, की या 'स्विस' चाकूची पहिली मोठी खेप जर्मनीतील झोलिंगन शहरात तयार झाली, कारण एवढे चाकू वेळेत करील असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. एल्सनरने १८९१ मध्येच हे काम आपल्या देशात आणले. १८९७ मध्ये त्याने हलका 'ऑफिसर' चाकू काढला. त्यात एकाच कमानीवर मुठीच्या दोन्ही बाजूंची हत्यारे बसवली होती. आज बाजारात दिसणाऱ्या नकला बहुतेक याच चाकूच्या असतात. १९०९ मध्ये आई वारल्यावर एल्सनरने तिचे 'व्हिक्टोरिया' हे नाव आपल्या मालाला दिले. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद वापरात आले, त्याच्या फ्रेंच नावातले 'इनॉक्स' पुढे जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव तयार झाले.

आता नकलेकडे वळू. १८९७ च्या रचनेचे पेटंट केव्हाच संपले आहे. तसा चाकू करून त्यावर स्वतःचे नाव घालणारा कारखानदार काही गैर करत नाही. दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह छापून माल विकणे हा मात्र आपल्याकडे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे. माझे मत विचाराल तर स्वतःचे नाव उघड सांगणारी साधी नक्कल घ्यावी. खोटा क्रॉस मिरवणारा चाकू दुकानातच ठेवावा. जो नावाबाबत खोटे बोलतो, तो पोलादाबाबत खरे बोलेल असे कशावरून धरायचे?

आणि खरा फरक पोलादातच आहे. आपल्याकडे तलवारीला 'पाणी दिले' असे म्हणतात. पोलाद लाल तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवून चिवट करावे लागते. अस्सल चाकूचे पाते हजार अंशांहून जास्त तापवतात आणि नंतर दीडशे-दोनशे अंशांवर पुन्हा उष्णता देतात. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ते पाते सुमारे ५६ भरते, तर पाठीमागची कमान सुमारे ४९. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. पात्याने धार धरायची असते, कमानीने हजारो वेळा वाकून परत सरळ व्हायचे असते. स्वस्त नकलेत हे पाणी देण्याचे काम बहुधा उरकून टाकलेले असते. बाहेरून चकाकी तीच दिसते, पण धार दोन दिवसांत मुडपते आणि पेचकसाचे टोक पहिल्याच घट्ट स्क्रूवर पिळवटते.

काहीजण लोहचुंबक लावून पाहतात आणि चिकटला की 'हे स्टेनलेस नव्हे' असा निर्वाळा देतात. ही परीक्षा चुकीची आहे. घरातल्या ताट-वाटीच्या स्टीलमध्ये निकेल असते, त्याला बहुधा चुंबक धरत नाही, पण ते स्टील पाणी देऊन कठीणही होत नाही. चाकूचे स्टेनलेस वेगळे असते, त्याला चुंबक धरतोच. अस्सल आणि नक्कल दोन्हींना धरेल. कैरी कापल्यावर पाते काळे पडले तर तेही वाईटच असे नाही. आपल्या घरची विळी कैरीने काळी पडते, पण भाजी उत्तम चिरते. साधे कार्बनचे पोलाद असेच असते, पुसून कोरडे ठेवावे लागते. चकचकीत मुलामा सोलपटासारखा निघू लागला तर मात्र त्या पात्याने फळ कापू नये.

मग परीक्षा कशी करावी? खोक्याच्या जाड पुठ्ठ्याच्या पंधरा-वीस पट्ट्या कापा आणि लगेच वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. कागद फाटू लागला तर पाणी कच्चे. पात्याची धार दिव्याखाली धरा. चांगली धार दिसत नाही, बोथट जागा मात्र चमकते. बोटाने धार पाहण्याची सवय अजिबात नको. नंतर पाते उघडून हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा. रिव्हेट ढिली असेल तर पाते डुगडुगते. उघडताना आणि मिटताना 'टक्' असा स्पष्ट आवाज व्हायला हवा. पाते अर्धवट जागी रेंगाळत असेल किंवा चाकू उलटा धरताच आपोआप मिटत असेल, तर कमान मेलेली आहे. तो चाकू वापरू नये, दुसऱ्या मुलालाही देऊ नये.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. या प्रकारच्या लहान चाकूला, तो अस्सल असला तरी, पाते अडकवून ठेवणारा खटका नसतो. पाते केवळ कमानीच्या दाबावर उघडे राहते. टोकाने टोचू गेलात किंवा पात्याच्या पाठीवर जोर दिलात की ते मिटते, आणि मिटते ते थेट मूठ धरलेल्या बोटांवर. अस्सल चाकूची कमान निदान थोडा विरोध करते, कच्च्या कमानीचा चाकू तेवढाही करत नाही. म्हणून नकलेने सुतळी तोडावी, पेन्सिल तासावी, पार्सल उघडावे, पेरू कापावा. फांदी तोडणे, भोक पाडणे, पाते तरफेसारखे घालून झाकण उचकटणे ही तिची कामे नव्हेत. डब्याचे पत्र्याचे झाकण घरच्या ओपनरने काढा.

वापरताना बसून कापा. आधी हात लांब करून स्वतःभोवती फिरवा, त्या गोलात कोणी नसावे. पाते अंगापासून दूर चालवा. चाकू दुसऱ्याला देताना मिटूनच द्या. लहान मुलांनी मोठ्यांच्या देखतच वापरावा.

पालकांसाठी दोन शब्द कायद्याविषयी. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे येतात, घरकाम आणि शेतीची अवजारे वगळून. खिशातला चाकू या मापात बसत नाही. पण काही ठिकाणी स्थानिक आदेश याहून कडक असतात. दिल्लीत ७.६२ सेंटिमीटर लांबीपासूनच निर्बंध आहे. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, आणि शाळेच्या दप्तरात तर नकोच. सहलीला आणलाच तर निघताना शिक्षकांकडे जमा करावा.

स्काउट पथकासाठी साहित्य घेताना विश्वस्त मंडळींनी वीस नकलांऐवजी चार चांगले चाकू घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते. मुले पाळीपाळीने शिकतील.

घरात नक्कल आधीच असेल तर ती फेकायची घाई नको. वर सांगितल्याप्रमाणे कमान आणि रिव्हेट तपासा. धार गेली असेल तर निसण्यावर पाते साधारण पंधरा ते वीस अंश उचलून, दोन्ही बाजूंनी सारखे घासा. कच्च्या पोलादाला हे वारंवार करावे लागेल. फळ कापल्यावर धुऊन, कोरडे करूनच मिटा. सांध्यात महिन्यातून एकदा शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते साचून चिकट होते आणि पाते उघडताना नख मोडते.