ईअँडटीसी मिळालं म्हणून रडू नका
इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅपची यादी लागली की कोकणे चौकापासून शिवार चौकापर्यंतच्या सोसायट्यांतून एकच प्रश्न येतो: ‘सर, एआय हुकलं, ईअँडटीसी मिळतंय. मॅनेजमेंट कोट्यातून एआय घेऊन टाकू का?’ नका घेऊ. कॉम्प्युटर, आयटीबद्दल शेजारपाजारचे पुरेसं सांगतात, मी भर घालत नाही.

ईअँडटीसीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमधून, एम्बेडेड सॉफ्टवेअरची वाट निघते. पिंपळे सौदागरहून हिंजवडी जवळच. तिथली केपीआयटी गाड्यांच्या सॉफ्टवेअरवरच उभी आहे. आज कितीतरी गाड्यांच्या डॅशबोर्डमागे लिनक्स चालतं आणि ते यॉक्टो किंवा बिल्डरूट ही साधनं वापरून त्या-त्या बोर्डासाठी बांधावं लागतं. लॅपटॉपचा नेहमीचा कंपायलर लॅपटॉपपुरताच. बोर्डावरच्या आर्म चिपसाठी वेगळी टूलचेन लागते, म्हणजे क्रॉस-कंपायलर, लिंकर, सी लायब्ररी, कर्नल हेडर्स असा सगळा संच. बिल्डरूट ती स्वतः बांधून देतं. तरी पुष्कळदा चिपवाल्यांनी दिलेली किंवा आधीच तपासलेली टूलचेन बाहेरून जोडतात. बिल्डचा वेळ वाचतो आणि प्रोजेक्टच्या मध्येच कंपायलर बदलत नाही.

ही बाहेरची टूलचेन जोडताना मात्र घाम फुटतो. कर्नल हेडर्सची आवृत्ती चुकीची सांगितली तर बिल्डरूट तिथेच अडवतं, ते बरंच म्हणायचं. खरा छळ पुढे. प्रोग्रॅम बोर्डावर टाकला, ‘एलएस’ करून यादी पाहिली, फाइल समोर दिसतेय. चालवायला जावं तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’! फाइल असते हो, तिला चालवणारा लोडर नसतो. प्रोग्रॅम हार्ड-फ्लोट टूलचेनचा, बोर्डावरच्या लायब्ररी सॉफ्ट-फ्लोटच्या, म्हणजे दशांश आकडे हाताळायच्या दोन वेगळ्या पद्धती. दोन्हींच्या लोडरची नावंच वेगळी. ‘रीडएल्फ’ हे टूल लावून हे हुडकणारी मुलगी मला इंटरव्ह्यूत भेटली, तर तिचे मार्क मी विचारणार नाही.

शिकायला बोर्डही विकत घ्यावा लागत नाही. बिल्डरूट आणि बोर्डाची नक्कल करणारा क्यूईएमयू दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर आर्मचं लिनक्स बूट होतं. पदवीनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्सचा डिप्लोमा करता येतो.

आईबाबांनो, मुलगा रात्री एररच्या ओळी वाचत बसला तर ‘ह्यात दाखवण्यासारखं काय आहे?’ असं त्याला विचारू नका. लग्नात पाहुण्यांना सांगायला एआय बरं वाटतं, पण चार वर्षं वर्गात तुम्ही बसणार नाही. आणि सेकंड इयरपर्यंत सी भाषेतले पॉइंटर जमले नाहीत, तर यॉक्टोच्या महागड्या क्लासला पैसे भरू नका.