चार लोकांपुढें आपलें काम सांगतांना

ही शाळा सोडल्यावर तुमच्यापैकीं कोणी कचेरींत, कोणी कारखान्यांत, तर कोणी इस्पितळांत कामास लागाल. तेथें एके दिवशीं वरिष्ठ सांगतील, "तुम्हीं काय केलें, तें उद्यां सर्वांपुढें सांगा." सहा महिन्यांचें काम आणि बोलावयास दहा मिनिटें! तेवढ्या वेळांत तें ऐकणाऱ्यांस कळलें नाहीं, तर चांगलें कामही कागदांच्या ढिगांत पडून राहतें. अशा वेळीं, "माझ्या अंगीं वक्तृत्व नाहीं," असें म्हणून पुष्कळ जण माघार घेतात. हा गुण जन्मानें येतो कीं प्रयत्नानें, हें मायकेल फॅरडे याच्या चरित्रावरून पाहूं.

फॅरडेचा जन्म १७९१ सालीं इंग्लंडांत एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. शालेय शिक्षण नांवापुरतेंच मिळालें आणि चौदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारीस राहिला. १८१२ सालीं त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत हंफ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. त्यानें तीं टिपून घेतलीं, नीट लिहून त्यांचें पुस्तक बांधलें व डेव्हीकडे पाठविलें. पुढच्याच वर्षीं त्याला त्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत मदतनिसाची जागा मिळाली.

तेथें त्यानें रसायनांकडे जसें लक्ष दिलें, तसेंच वक्त्यांकडेही दिलें. कोणाचें बोलणें मनांत उतरतें, कोणाचें ऐकून श्रोते कंटाळतात, याविषयींचे आपले विचार तो एका मित्राला पत्रांतून कळवी. वक्त्यानें घाई करूं नये आणि एका तासाहून अधिक वेळ घेऊं नये, असें त्याचें मत बनलें. १८१८ सालीं तुटपुंज्या मिळकतींतून फी भरून तो वक्तृत्वाच्या वर्गास गेला. पुढें स्वतः व्याख्यानें देऊं लागल्यावर आपल्या उच्चारांतील चुका टिपण्यासाठीं त्यानें एका मित्रास मुद्दाम श्रोत्यांत बसविलें. बोलण्याचा वेग वाढूं नये म्हणून "हळू" असें लिहिलेलें एक कार्ड तो आपल्यासमोर ठेववी. एवढ्या परिश्रमानंतर तो आपल्या काळांतील नामांकित व्याख्याता झाला. मुलांसाठीं नाताळांत होणाऱ्या व्याख्यानमाला त्यानें एकोणीस वेळां दिल्या. मेणबत्तीवरील त्याचीं व्याख्यानें १८६१ सालीं ग्रंथरूपानें निघालीं.

एका तरुण वक्त्याला त्यानें दिलेला सल्ला ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. हातांतला दगड सोडला तर खालीं पडेल, एवढें सांगून थांबूं नये; हात उघडून तो पाडून दाखवावा.

आतां हें आपल्या कामास कसें लावावें? प्रथम, सांगावयाची मुख्य गोष्ट एका वाक्यांत लिहून काढा. तें वाक्य लिहितां येत नसेल, तर विषय अजून आपल्यालाच कळलेला नाहीं असें समजावें. तें वाक्य आरंभींच सांगा. कारणें मागून द्या. ऐकणाऱ्यांस काय ठाऊक आहे व त्यांना कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हें आधीं जाणून घ्या. यंत्राचा भाग झिजला असेल, तर झिजेचें वर्णन करीत न बसतां तो भागच मेजावर ठेवा. कागद वाचून दाखवूं नका. मुद्द्यांचें लहानसें टिपण पुरे. घड्याळ लावून घरीं दोनदां मोठ्यानें बोलून पाहा. प्रश्नाचें उत्तर येत नसेल, तर "पाहून सांगतों" म्हणा, आणि खरोखरच पाहून सांगा. ठोकून दिलेलें एक उत्तर आधींच्या सर्व खऱ्या बोलण्यावरचा विश्वास घालवितें.

पालकांसही एक विनंति. पुष्कळ घरीं मूल मोठ्यांत बोलूं लागलें कीं, "तूं गप्प बैस," असें आपण सहज म्हणतों. तेंच मूल उद्यां मुलाखतींत मुकें झालें, तर दोष कोणाचा? रोज रात्रीं जेवतांना त्याला शाळेंतली एक गोष्ट पांच मिनिटें सांगूं द्या. मध्यें तोडूं नका. शेवटीं एखादीच चूक प्रेमानें दाखवा. फॅरडेच्या मित्रानें श्रोत्यांत बसून जें केलें, तेंच काम घरच्या माणसांनीं करावयाचें आहे.