कुमारांसाठी चरित्रलेखन : क्रियापद आणि पुरावा



चरित्र या वाङ्मयप्रकाराची सर्वसाधारण लक्षणे आपण यापूर्वी अभ्यासली आहेत. प्रस्तुत पाठात अकरा ते चौदा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या चरित्राचा विचार करावयाचा आहे. भाषा सोपी आणि वाक्ये लहान असली की असे चरित्र साधते, अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. प्रौढ वाचक शंका आली तर दुसरे पुस्तक उघडतो. कुमारवाचकाजवळ बहुधा हे एकच पुस्तक असते आणि छापलेले ते सर्व त्याला खरे वाटते.

एकच प्रसंग घेऊ. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांना भेट दिले, हे आपण वाचलेले असेल. अनेक चरित्रांत हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिक परीक्षेनंतरच्या सत्कारसभेत घडतो. परंतु 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतः बाबासाहेबांनी इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्या आवृत्तीत ही प्रस्तावना नव्हती.

फरक क्षुल्लक नाही. त्या काळी इंग्रजी शाळेतील मॅट्रिक म्हणजे सातवी इयत्ता. चौथी तिच्या तीन वर्षे आधीची. म्हणजे प्रश्न असा की, हे पुस्तक हाती पडले ते सोळा वर्षांच्या तरुणाच्या, की आपल्या वाचकाच्याच वयाच्या मुलाच्या? कोणतीही एक बाजू निवडून 'पुस्तक दिले' असे लिहून मोकळे होणे सोयीचे असते. तसे करू नये. 'बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे की, तेव्हा ते इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाले होते. काही चरित्रकार मात्र ही सभा मॅट्रिकनंतरची मानतात.' ही दोन वाक्ये बारा वर्षांच्या मुलाला सहज कळतात. शिवाय, माणसाची आठवण आणि चरित्रकाराचे लेखन यांत अंतर पडू शकते, हा इतिहासाचा पहिला धडाही त्याला मिळतो.

आपल्या भाषेची येथे मोठी मदत होते. 'गेला', 'गेला असावा', 'गेला म्हणे' या तीन रूपांतून लेखकाची खात्री, त्याचे अनुमान आणि त्याची ऐकीव माहिती वेगवेगळी व्यक्त होते. तळटिपांना जागा नसलेल्या पुस्तकात हे काम क्रियापदानेच करावयाचे असते. दुर्दैवाने कुमारसाहित्यात 'असावा' हे रूप सर्वांत आधी खोडले जाते. त्याने गोष्टीचा वेग मंदावतो म्हणे!

रंजकतेसाठी कल्पित संवाद घालण्याचा मोहही असाच. प्रस्तुत प्रसंगात त्याची गरजच नाही. मुलाच्या डोक्यात हवा जाईल या भीतीने वडील रामजी सुभेदारांनी प्रथम या सत्काराला नकार दिला आणि केळुसकरांनी त्यांचे मन वळवले, हे प्रस्तावनेतच आहे. चौथी म्हणजे इतर समाजांच्या तुलनेत काहीच नव्हे. पण त्यांच्या समाजातून त्या इयत्तेपर्यंत पोहोचलेला तो पहिला मुलगा होता, हेही तेथे नमूद आहे. एवढ्या साध्या परीक्षेसाठी सभा का भरवावीशी वाटली, हा प्रश्न वाचक विचारणारच. त्याचे उत्तर देताना अस्पृश्यतेबद्दल लिहावे लागेल, आणि ते टाळू नये. मुलांना 'जड' होईल म्हणून हा भाग गाळला, तर सत्काराला काही अर्थच उरत नाही.

आता सर्वनामाचा प्रश्न. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश घेतलेल्या मुलाचे नाव नोंदवहीत 'भिवा' असे आहे. 'बाबासाहेब पहिलीत दाखल झाले' असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेले, कोट घातलेले गृहस्थ बाकावर बसतात. उलट 'तो दाखल झाला' हे अनेकांना अनादराचे वाटते, आणि ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या एकेरी हाक ऐकावी लागली, त्याची ही हरकत केवळ व्याकरणाची नाही. माझ्या मते बालपणाच्या प्रकरणांत 'भीमराव' हे नाव व आदरार्थी बहुवचन वापरावे, नोंदवहीतील 'भिवा' मात्र लपवू नये. आपले मत वेगळे असू शकते. पण एकदा केलेली निवड पुस्तकभर पाळावी. एकाच परिच्छेदात 'तो' आणि 'ते' दोन्ही आले, की पात्रे दोन आहेत असे मुलांना वाटते.

स्वाध्याय : आपल्या गावातील एखाद्या दिवंगत व्यक्तीच्या शालेय जीवनातील एक प्रसंग दोन जाणत्या माणसांकडून स्वतंत्रपणे ऐका. तो बारा वर्षांच्या वाचकासाठी दीडशे शब्दांत लिहा. दोघांच्या सांगण्यात जेथे फरक आढळेल, तेथील क्रियापदे अधोरेखित करा आणि तेच रूप का निवडले, हे समासात लिहा.