पायात रुतलेली काच दिसत का नाही?



पायात बाभळीचा काटा मोडला तर त्याचे काळसर टोक बहुधा दिसते. चिमट्याने धरून ओढले की काम झाले. काच रुतली तर मात्र घरातली सारी माणसे पायाभोवती जमतात, भिंग येते, सुई येते आणि तरीही काच सापडत नाही. मूल तर ‘टोचतंय, टोचतंय’ म्हणून रडत असते. असे का व्हावे?

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. स्वयंपाकघरात काचेचा पेला फुटला. आम्ही केर काढला, फरशी पुसली आणि विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी माझी मुलगी लंगडू लागली. मी तिचा पाय धुतला आणि तसाच ओला पाय दिव्याखाली धरून अर्धा तास सुईने टोकरत बसलो. काच दिसेना. तेवढ्यात माझी आई म्हणाली, “अरे, आधी पाय पूस तरी! ओल्या काचेवरचा चरा दिसतो का कधी?”

अठरा वर्षे मी वर्गात प्रकाशशास्त्र शिकवतो आहे. पण त्या क्षणी ते मला आठवले नव्हते, आईला मात्र अनुभवाने ठाऊक होते.

काच आत शिरते कशी?

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, हे तुम्ही शिकला आहात. आता हिशेब करू. मुलाचे वजन ४० किलो आहे. चालताना त्यातला फक्त दहावा भाग, म्हणजे सुमारे ४० न्यूटन बल, काचेच्या कपचीवर पडले असे धरा. कपचीच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मिलिमीटर मानू. मग दाब झाला ४० ÷ ०.०१ = ४००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हवेचा दाब सुमारे ०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असतो. म्हणजे हा दाब त्याच्या ४०,००० पट झाला! त्वचा त्याच्या कितीतरी आधीच भेदली जाते.

कपची आत जाते तसा तिचा रुंद भाग त्वचेशी भिडतो, क्षेत्रफळ वाढते, दाब घटतो आणि ती थांबते. पाय उचलला की बल नाहीसे होते आणि कळही थांबते. म्हणूनच मूल बसले असताना खुशाल असते आणि चालू लागले की लंगडते.

काच लपते कशी?

पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते ती मुख्यतः तिच्या पृष्ठभागावरून परत येणाऱ्या आणि तिच्यातून वळून येणाऱ्या प्रकाशामुळे. किती प्रकाश परत येईल हे काच आणि तिच्याभोवतीचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर ठरते. (काही पुस्तकांत यालाच वक्रीभवनांक म्हटलेले आढळेल.) प्रकाश सरळ समोरून पडत असेल तर नियम सोपा आहे: दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा.

हवेचा अपवर्तनांक १, काचेचा सुमारे १.५. म्हणून ०.५ ÷ २.५ = ०.२ आणि त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या शंभरातले ४ भाग परत येतात.

आता हवेच्या जागी पाणी घ्या. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. मग ०.१७ ÷ २.८३ = ०.०६ आणि वर्ग ०.००३६. परत येणारा प्रकाश जवळजवळ अकरा पटींनी कमी झाला! त्वचेखालच्या ऊतींचा अपवर्तनांक तर १.४ च्या आसपास, म्हणजे काचेच्या आणखी जवळ. मी पाय ओला ठेवून काचेला लपायला जणू मदतच करत होतो.

करून पाहा

एका चंचुपात्रात पाणी आणि दुसऱ्यात शुद्ध ग्लिसरीन घ्या. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची भरीव कांडी दोन्हींत बुडवून पाहा. पाण्यात तिच्या कडा स्पष्ट दिसतील. ग्लिसरीनमध्ये बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होईल. दोघांचाही अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे. फरकच नाही, तर दिसणार काय? साध्या काचेची कांडी असेल तर कडा किंचित दिसतील. प्रयोगासाठी फुटलेली काच मात्र कधीही घेऊ नका.

मग काच शोधावी कशी?

प्रथम हात आणि पाय साबणाने स्वच्छ धुवा आणि पाय स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडा करा. खोलीतला दिवा मंद करा. विजेरी तळव्याच्या वर न धरता बाजूने, त्वचेला जवळजवळ समांतर धरा. समोरून प्रकाश टाकला तर त्वचेवरून इतका प्रकाश येतो की काचेची चमक त्यात बुडून जाते. बाजूच्या प्रकाशात त्वचा मंद दिसते, उंचवट्याची सावली लांब पडते. कपचीची बाजू लहानशा आरशासारखी असल्याने ती एकाच दिशेला प्रकाश फेकते. म्हणून पाय स्थिर ठेवा आणि विजेरी हळूहळू सभोवार फिरवा. कुठेतरी एक ठिणगी चमकेल. तीच काच! फुटलेल्या काचेचे कण फरशीवर शोधण्यासाठीही विजेरी जमिनीलगत आडवी धरा, आणि राहिलेले कण कणकेच्या गोळ्याने टिपून तो गोळा टाकून द्या.

टोक बाहेर असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या चिमट्याने ते हलकेच धरावे आणि ज्या दिशेने काच आत गेली त्याच दिशेने सरळ मागे ओढावे. तिरके ओढू नये. काच दाबाला भक्कम, पण वाकवण्याला कमकुवत असते. ती मोडते आणि टोक आत राहते. जखम पिळू नये. बिब्ब्याचा चटकाही देऊ नये. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात. काच मोठी असेल किंवा खोल रुतली असेल तर ती घरी उपसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

क्ष-किरणांची नजर

आमच्या मुलीची काच विजेरीने सापडली, निघालीही. पण दाबले की अजून टोचतच होते. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले, तर खोलवर सुमारे ३ मिलिमीटरचा आणखी एक तुकडा! माझ्या सुईनेच तो आत ढकलला असेल का, हा विचार अजून मनातून जात नाही.

फक्त शिसे असलेलीच काच क्ष-किरणांत दिसते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. साध्या काचेत सिलिकॉन (अणुक्रमांक १४) आणि कॅल्शियम (२०) असतात; मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन. जड अणू क्ष-किरण कितीतरी अधिक शोषतात. शिवाय काचेची घनता पाण्याच्या अडीच पट. म्हणून काचेची सावली उमटते. अगदी बारीक कण मात्र निसटू शकतो. एका चित्रात सावली दिसते, खोली कळत नाही. म्हणून दुसरे चित्र आडव्या बाजूने घेतात. बाभळीच्या काट्याचे मात्र उलट! तो डोळ्यांना दिसतो, पण त्याचे अणू मांसासारखेच हलके असल्याने क्ष-किरणांत बहुधा दिसत नाही. त्याला शोधायला ध्वनिलहरींची, म्हणजे सोनोग्राफीची मदत घेतात.

आत राहिलेली काच शरीरात विरघळत नाही. सहसा शरीर तिच्याभोवती तंतूंचे वेष्टण तयार करते. धोका असतो तो जंतूंचा. म्हणून काच निघाल्यावरही टोचत राहिले, ठणका, लाली किंवा पू दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली तेही त्यांना सांगा. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. काच रुतल्याचे त्यांना कळणारही नाही. त्यांचे तळवे रोज पाहण्याचे काम तुम्ही घ्या.

मित्रहो, वस्तू दिसते ती भोवतालाशी असलेल्या फरकामुळे. फरक दिसत नसेल तर डोळे ताणून उपयोग नाही. भोवताल बदला, नाहीतर किरण बदला.

विचार करा

१. घासलेली (दुधी) काच पाण्याने ओली केली की तिच्यातून पलीकडचे का दिसू लागते?

२. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. वरच्या नियमाने हवेत त्याच्यावरून किती प्रकाश परत येईल? पाण्यात तो काचेइतका लपेल का?

३. उंट वाळूत रुतत नाही आणि काच पायात रुतते, या दोन्हींमागे एकच नियम कसा आहे?