गहाण घर आणि कर्जदाराचे हक्क

गहाणखत म्हणजे घर हातचे गेल्याचा कागद, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. तिला कारणही तसेच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि कर्जाचा मागील हिशेब तपासून हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. आज सावकाराच्या जागी बँक आली असली, तरी कर्जदाराची भीती तीच आहे.

वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला आणि आमच्या घराचे दोन हप्ते थकले. लोक काय म्हणतील, या विचाराने ते बँकेची पायरी चढेनात. तेव्हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी कागदपत्रे व कायदा वाचावयास घेतला. त्यातून जे उमगले ते येथे मांडीत आहे.

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यापूर्वीच शाखाधिकाऱ्यास लेखी अर्ज देऊन मुदतवाढ मागावी. मात्र मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे. दहा लाख रुपये नऊ टक्के दराने वीस वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ९,००० रुपये पडतो. तीस वर्षांत सुमारे ८,०५०. महिन्याला साडेनऊशे रुपये वाचतात खरे, पण एकूण भरणा सुमारे सात लाख सदतीस हजारांनी वाढतो. म्हणून परिस्थिती सुधारताच हप्ता पूर्ववत करावा.

कर्ज अनुत्पादक ठरल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक दिवाणी दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊ शकते. परंतु तत्पूर्वी तिला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. या नोटिशीवर कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेस पंधरा दिवसांत सकारण उत्तर देणे भाग आहे. पुढे ताब्याची कारवाई झाल्यास पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अशी न्यायाधिकरणे मुंबई, पुणे व नागपूर येथे आहेत. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व येणे खर्चासह भरले, तर घर सोडवून घेता येते. शेतजमिनीस हा कायदा लागू नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळू शकतो. घर आईच्या नावे असेल तर हे अवश्य ध्यानात ठेवावे. बँकेच्या सेवेविषयी लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

आमच्या अर्जावर बँकेने मुदत वाढवून दिली व घर राहिले. अर्ज तिसरा हप्ता थकण्यापूर्वी गेला, हे त्याचे मुख्य कारण. कायद्याने दारे पुष्कळ ठेवली आहेत; परंतु प्रत्येक दारावर तारीख लिहिलेली आहे, आणि संकोचात जातात ते दिवस त्या तारखेतूनच वजा होतात.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी बँकेचे इंग्रजी कागद वाचणारे आपणच पहिले आहोत. सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाटातील ते पाकीट उघडा आणि प्रथम त्यावरील तारीख पाहा.